झाडूने तलाव वाचत नाही

जानेवारी 2025 मध्ये इंदूरला पाणथळ जागांच्या रामसर कराराखालचा 'पाणथळ शहर' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भारतात हा मान पहिल्यांदा आला तो दोनच शहरांच्या वाट्याला, उदयपूर आणि इंदूर. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुऱ्यात नळाचे पाणी पिऊन माणसे मेली. मुख्य जलवाहिनी गळकी होती, गळतीच्या वर पोलीस चौकीचे शौचालय होते आणि मैला नळाने येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात मिसळून घरोघरी पोचला. शेकडो लोक आजारी पडले. मेले किती, याचा सरकारचा आकडा आणि वस्तीचा आकडा एकमेकांशी जुळला नाही.

एका वर्षातल्या या दोन बातम्या एकाच शहराच्या आहेत, आणि माझ्या मते त्यांचे मूळही एकच आहे. इंदूर डोळ्यांना दिसते ते स्वच्छ करते. पाण्यात काय आहे ते नीट मोजत नाही. मोजले तर लोकांना सांगत नाही. आणि कुणी सांगितलेच तर त्यावरून कुणाची खुर्ची हलत नाही. मी याच शहरात जन्मलो, रामबागेत वाढलो, आणि सरोवरविज्ञान शिकवता शिकवता याच शहरात म्हातारा झालो. रस्ते स्वच्छ झाले, ओला-सुका कचरा घरातच वेगळा व्हायला लागला, याचा मला मनापासून आनंद आहे. रस्त्याला जे औषध लागू पडते तेच तलावाला लागू पडेल ही समजूत मात्र घातक आहे, आणि त्या समजुतीपायी या शहराने आपले पाणी नासवले आहे.

रस्त्यावरचा कचरा उचलून ट्रेंचिंग ग्राउंडवर नेता येतो. तलावातले काही कुठे जात नाही. ज्या जमिनीवरून पाणी वाहत येते तिचा सगळा हिशेब तलावाच्या तळाशी जमा होतो: शेतातले खत, कॉलनीचे ड्रेनेज, गॅरेजचे तेल, धुणीभांडी, गोठ्यांचे शेण. जिनिव्हा सरोवराचा अभ्यास करून फ्रान्स्वा-अल्फोन्स फोरेल यांनी सरोवरविज्ञानाचा पाया घातला. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड 1892 मध्ये निघाला. तेव्हापासून हे शास्त्र एकच गोष्ट सांगत आले आहे की तलाव समजून घ्यायचा तर काठ ओलांडून पाणलोटात जावे लागते. आमच्याकडे तलावाची योजना काठाशी सुरू होते आणि काठाशीच संपते. कुंपण, जॉगिंग ट्रॅक, दिवे, सेल्फी पॉइंट, दगडी पिचिंग. योजनेच्या फाइलमध्ये पाण्याची पाने शेवटी, आणि तीही पातळ.

पाणी कसे मोजतात ते एकदा सविस्तर सांगतो, कारण घोटाळा तिथेच होतो.

विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे आणि आजही तीच कसोटीची मानतात. काचेची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत हवेचा बुडबुडाही राहता कामा नये. मँगनीज सल्फेट घालायचे, मग अल्कली-आयोडाइड. बूच लावून बाटली दोन-चारदा उलटीपालटी केली की आत गाळ धरतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो गाळ तपकिरी होतो. नसेल तर पांढराच राहतो. पुढे आम्ल घालून गाळ विरघळवायचा, स्टार्चने निळा रंग आणायचा आणि थायोसल्फेटच्या थेंबाथेंबाने तो निळा रंग घालवायचा. किती थेंब लागले त्यावरून आकडा निघतो. पण आकड्याची वाट पाहावी लागतच नाही. तो पांढरा गाळ पाहिला की जाणकाराच्या पोटात खड्डा पडतो. त्या पाण्यात मासा जगणार नाही.

आता वेळेचा प्रश्न. मैलापाण्याने सुपीक झालेल्या तलावात शेवाळ माजते. दिवसा ऊन असते तोवर ते भरपूर प्राणवायू सोडते. सूर्य मावळला की तेच शेवाळ, जिवाणू आणि कुजणारा तळ मिळून रात्रभर प्राणवायू खातात. सगळ्यांत कमी पातळी सापडते ती पहाटे, सूर्योदयाच्या जरा आधी. शहरातल्या एका तलावाच्या, नाला उतरतो त्या कोपऱ्यात मी विद्यार्थ्यांना पहाटे नेले तेव्हा बाटलीत गाळ पांढरा राहिला. त्याच जागी भर दुपारी भरलेल्या बाटलीत तो गडद तपकिरी आला, स्वच्छ डोंगरी झऱ्यालाही येणार नाही इतका. दुपारचा आकडा कागदावर तलाव निरोगी असल्याचा दाखला देतो, आणि तो दाखला खोटा असतो. मधुमेह्याची साखर उपाशीपोटीही तपासतात ती याच कारणाने. सरकारी नमुना मात्र गोळा करणाऱ्याच्या कार्यालयीन वेळेत भरला जातो. नमुन्याच्या अहवालावर तारीख असते, वेळ छापलेली नसते, तर तो अहवाल तलावाच्या आरोग्याबद्दल काहीही सांगत नाही. हे मी एका संबंधित कार्यालयात जाऊन सांगितले होते. पहाटे माणूस पाठवायला वाहनाची तरतूद नाही, असे उत्तर मिळाले.

यापेक्षाही मोठी चूक देशाच्या पातळीवर झाली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे अ ते ई असे पाच वर्ग केले आहेत. पिण्याचे, अंघोळीचे, शुद्ध करून पिण्याचे, मासे आणि वन्यजीवांचे, शेतीचे. त्यांत सामू आहे, प्राणवायू आहे, जैविक प्राणवायू मागणी (बीओडी) आहे, कोलिफॉर्म जिवाणू आहेत, मुक्त अमोनिया आहे, बोरॉनसुद्धा आहे. फॉस्फरस नाही. तलाव ज्या एका पदार्थाने मरतो त्याचे नावच कसोट्यांच्या यादीत नाही.

फॉस्फरसवर मी इतका का अडलो आहे ते सांगायला हवे. कॅनडातल्या ऑंटारियोत प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. तिथे 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर यांनी कमरेत चिंचोळे असलेले एक तळे प्लास्टिकच्या पडद्याने दोन भागांत तोडले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला. एकाच भागात वर फॉस्फरसही घातला. त्या भागावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग चढला. दुसरा भाग नितळ राहिला. वरून काढलेले त्या तळ्याचे छायाचित्र जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले आणि फॉस्फरसचा दोष नाही म्हणणाऱ्या साबण-उत्पादकांचा वाद मिटला. मी ते छायाचित्र दरवर्षी वर्गात दाखवत असे. त्याला पन्नास वर्षे उलटून गेली तरी आमच्या पाण्याच्या वर्गवारीत फॉस्फरसला जागा मिळालेली नाही. 2017 च्या अधिसूचनेत सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी मानके आली, त्यांतही तो नव्हता. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये कडक मानके सुचवली तेव्हा तलावात सोडायच्या पाण्यासाठी लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही मर्यादा आली. ही कडक मर्यादा तरी केवढी? तलाव शेवाळाने माजू लागतो तो लिटरमागे साधारण 35 मायक्रोग्रॅमच्या पुढे. 1 मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. शुद्धीकरण केंद्राने नियम तंतोतंत पाळला, तरी त्याचे पाणी तलावाला सोसण्यापेक्षा जवळजवळ तीस पट जड असते. पावसाळ्यात ताज्या पाण्याने ते पातळ होते. चैत्र-वैशाखात, नवे पाणी येत नाही आणि असलेले वाफ होऊन उडते तेव्हा, ते पातळ कशाने होणार?

म्हणून 'आम्ही तलावाकाठी एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) बांधला' हे वाक्य ऐकले की मी समाधान मानत नाही. शुद्ध केलेले पाणीही तलावात सोडू नये, बागांना आणि शेतीला द्यावे, हे सांगायला नवे संशोधन लागत नाही. पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये होळकर दरबाराला सादर केलेल्या दोन खंडांच्या अहवालात मैलापाणी नदीत ढकलण्याऐवजी मळ्यांना आणि बागांना द्या असाच आग्रह धरला होता. या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाला इंदूर विसरले आहे. प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली, आणि जे रस्ते सगळ्यांत स्वच्छ असतील तिथूनच ती जाईल असे जाहीर करून सगळ्या शहराला झाडू हातात घ्यायला लावला. स्वच्छतेची स्पर्धा इंदूरने शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहे. गेडिस तेवढ्यावर थांबले नाहीत, हा फरक. त्यांनी नद्या, विहिरी, बावड्या आणि तलाव यांचा शहराच्या शरीराचे अवयव म्हणून विचार केला आणि नळ आले तरी जुने स्रोत मोडू नका असे बजावले. आपण त्यांच्याकडून मिरवणूक घेतली आणि बाकीचा अहवाल ग्रंथालयात ठेवला.

शहरातल्या सिरपूर तलावाबद्दल मी कडवटपणे बोलतो तेव्हा एका माणसाचे नाव आदराने घ्यायला हवे. चित्रकार आणि छायाचित्रकार भालू मोंढे यांनी 1990 च्या दशकापासून सहकाऱ्यांना घेऊन हा तलाव जपला. शहराला त्याची फिकीर नव्हती, तिथे अतिक्रमणे होत होती, झाडे तोडली जात होती, तेव्हापासून. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2022 मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव रामसर यादीत गेले. सिरपूर आज तलाव म्हणून उभा आहे तो आधी नागरिकांच्या हट्टामुळे. शासन मागून आले, फलक घेऊन आले. आणि दर्जा मिळाल्यानंतरही सिरपुरात मिसळणाऱ्या सांडपाण्यासाठी लोकांना हरित लवादाचे दार ठोठवावे लागले, ही आपल्या व्यवस्थेची लाज आहे.

सुशोभीकरणाने तलावाचे नेमके काय होते, तेही ऐका. तलावाचा सर्वांत जिवंत भाग म्हणजे त्याचा उथळ काठ. गुडघाभर पाणी, बोरू, पाणकणीस, लव्हाळे, चिखल. माशांची अंडी तिथे, बेडूक तिथे, पाणपक्ष्यांचे खाणे तिथे, आणि नाल्यातून आलेले बरेचसे पोषक पदार्थ अडवून धरणाऱ्या मुळ्याही तिथेच. सारस पक्षी घरटे बांधतो तो अशा उथळ दलदलीत. यशवंत सागरची आंतरराष्ट्रीय ओळख मध्य भारतातले सारसाचे हक्काचे ठाणे अशी आहे, आणि ती त्या पसरट, बोरूने भरलेल्या काठांमुळे आहे. ठेकेदाराच्या डोळ्यांना हा काठ घाण दिसतो. मग पोकलेन येते, काठ खरवडला जातो, 'खोलीकरण' होते, उतारावर दगड बसवतात, वर फरसबंद वाट. फोटो सुरेख येतो. उथळ तलावांच्या अभ्यासाने हे पुन्हा पुन्हा दाखवले आहे की अशा तळ्यांच्या दोन अवस्था असतात: एक पाणवनस्पतींनी धरून ठेवलेली नितळ, दुसरी शेवाळाची गढूळ. वनस्पती सरसकट उपटल्या तर तळे पहिलीतून दुसरीत ढकलले जाते, आणि तिथून परत आणणे फार कठीण असते. जलकुंभी काढायलाच हवी, ती परकी आहे आणि पाणी झाकून टाकते. पण जलकुंभी हे मैलापाण्याचे लक्षण आहे. नाला तसाच वाहू देऊन दरवर्षी जलकुंभी काढण्याचे टेंडर काढणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हात ओले होतात ते तेवढे नियमित होतात.

काठाच्या आतले हे झाले. काठाच्या बाहेर तर सरळ खून चालला आहे. तलावाला पाणी आणणारे ओहोळ आणि चॅनल महसुली नकाशात असतात, जमिनीवर शोधायला जा, तिथे कॉलनी असते. बिलावली, लिंबोदी, पिपलियापाला, तलावली चांदा, शहर वाढले तसतसे या तलावांचे पाणलोट भूखंड झाले. पिपलियाहाना तलावाच्या जागेत जिल्हा न्यायालयाची इमारत उभी राहू लागली तेव्हा, 2016 मध्ये, नागरिकांना धरणे धरून बसावे लागले. न्यायाच्या इमारतीपासून तलाव वाचवायला रस्त्यावर यावे लागते, यापेक्षा जास्त काय लिहू? कायदाही हवा तितका पाठीशी नाही. 2017 च्या पाणथळ नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळले आहेत. होळकरांनी जे तलाव रयतेच्या तहानेसाठी बांधले, ते त्याच कारणाने या नियमांच्या संरक्षणाबाहेर पडू शकतात. हे वगळणे रद्द झालेच पाहिजे.

आणि बावडी. 30 मार्च 2023, रामनवमी. पटेल नगरातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना जमीन खचली. ती जमीन नव्हतीच, जुन्या बावडीवर टाकलेले छत होते. 36 माणसे बुडून आणि दबून मेली. ज्या शहराने आपल्या विहिरी झाकल्या, त्यांवर फरशी घातली आणि खाली पाणी आहे हे विसरले, त्या शहराला मिळालेली ती शिक्षा होती, आणि ती भोगली निरपराध भाविकांनी. पुढे प्रशासनाने काय केले? बावडी बुजवून टाकली. बुजवणे हाच आमचा जलविचार. दोन वर्षांनी, 2025 मध्ये, अहिल्याबाईंची त्रिशताब्दी साजरी झाली. देशभर घाट, कुंड, विहिरी आणि बावड्या बांधणाऱ्या बाईच्या नावाने भाषणे झाली, मराठी मंडळांनीही केली, मीही त्यांतल्या काहींना श्रोता म्हणून बसलो. एका वक्त्याने तरी शहरातल्या बुजलेल्या बावड्यांची यादी वाचायला हवी होती. कुणी वाचली नाही.

या सगळ्याकडे दुर्लक्ष करणे इंदूरला परवडले ते नर्मदेमुळे. 1970 मध्ये शहर रस्त्यावर उतरले, मोठे आंदोलन झाले आणि 1978 मध्ये नर्मदा आली. आजही घराघरांत 'आज नर्मदा येणार का' असेच विचारतात. नळाला दुसरे नाव नाही. ते आंदोलन न्याय्य होते, शहर तहानलेले होते, हे मी नाकारत नाही. पण मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून, अर्धा किलोमीटर उंचीवर पाणी उपसायचे तर विजेचे बिल कोटींच्या कोटींत जाते. इतके की ते कमी करण्यासाठी सौरप्रकल्प उभारायला इंदूर नगर निगमाने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले. सौरऊर्जेला माझा विरोध नाही. मात्र त्या रकमेचा लहानसा हिस्साही तलावांचे चॅनल मोकळे करायला कुणी मागितला असता तर अर्थसंकल्पात जागा नाही असे ऐकावे लागले असते, हे मी खात्रीने सांगतो.

आणि वापरलेल्या नर्मदेचे होते काय? नर्मदा पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. इंदूरचा उतार उत्तरेला आहे. इथले सांडपाणी कान्ह नदीत, कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेत, क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत, यमुना गंगेत. एका खोऱ्यातले निर्मळ पाणी डोंगरावर चढवून आपण दुसऱ्या खोऱ्यात मैला म्हणून उतरवतो. मग उज्जैनच्या सिंहस्थाला क्षिप्रेत पाणी हवे म्हणून पुन्हा नर्मदा उपसून 2014 पासून क्षिप्रेत ओततात. आणि कान्हचे पाणी भाविकांच्या अंगाला लागू नये म्हणून तिला पाइपात घालून उज्जैनच्या घाटांच्या खाली नेऊन सोडतात. 2016 च्या सिंहस्थासाठी हे एकदा करून झाले. 2028 च्या सिंहस्थासाठी शेकडो कोटी खर्चून पुन्हा चालू आहे. ऑगस्ट 2021 मध्ये इंदूरला देशातले पहिले 'वॉटर प्लस' शहर म्हणून जाहीर केले होते. त्या शहराची नदी जर खरोखर शुद्ध असती, तर तिला बोगद्यातून लपवून न्यायची गरज काय होती? या प्रश्नाचे उत्तर भोपाळने द्यावे, दिल्लीने द्यावे. पंधरा वर्षांत दोनदा एकाच नदीचा मार्ग चुकवण्यासाठी जनतेचा पैसा खर्च होतो, हा कबुलीजबाब आहे.

निगमाने काहीच केले नाही, असे मी म्हणत नाही. नद्या-नाल्यांत उघडणारी सांडपाण्याची सात हजारांवर तोंडे बंद केली, हे मोठे काम होते. कबीटखेडीला दिवसाला 24.5 कोटी लिटर पाणी शुद्ध करणारे केंद्र आहे, त्यातले अभियंते मेहनत करतात. या कामाची मी किंमत जाणतो, म्हणूनच माझा राग अधिक आहे. ज्या यंत्रणेला इतके जमते, तिला भागीरथपुऱ्यातल्या जलवाहिनीवरचे शौचालय दिसत नाही, पाण्याला वास येतो म्हणणाऱ्या तिथल्या बायकांचे ऐकू येत नाही, हे अज्ञान म्हणून सोडून देता येणार नाही. शहरांची क्रमवारी लावणाऱ्या स्वच्छ सर्वेक्षणाचे गुण ज्याला मिळतात ते काम होते, ज्याला मिळत नाहीत ते राहते. तळातल्या गाळाला गुण नाहीत. पहाटेच्या प्राणवायूला गुण नाहीत. जमिनीखालच्या जुन्या पाइपाला गुण नाहीत.

भागीरथपुऱ्याबद्दल एक गोष्ट मनातून जात नाही. पाण्यात मैला मिसळला आहे का हे ओळखण्याची एक साधी बाटली असते. आत औषध लावलेली पट्टी. पाणी भरून उबेत ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर समजावे की मैला आहे. प्रयोगशाळा लागत नाही, शाळकरी मुलगी ही चाचणी करू शकते. ती पद्धत मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये जगापुढे मांडली, आणि मांडली ती ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतून. आपल्याच राज्यातून! दूरदूरच्या देशांत ही बाटली वापरली गेली. देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणवणाऱ्या इंदूरच्या एका वस्तीत ती वेळेवर काळी पडली असती तर किती माणसे वाचली असती?

विज्ञान हाताशी असून न वापरण्याचा हा रोग एकट्या इंदूरचा नाही. कोल्हापूरच्या रंकाळ्याने तो भोगला आहे, ठाण्याचे तलाव भोगत आहेत. उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच देतो. जून 2020 मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा अफवांचे पीक आले. नमुने घेतले गेले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे हे लोकांना सांगितले गेले. मोजले, समजले, जाहीर केले. तेवढेच आम्हाला हवे आहे.

माझे म्हणणे व्यवहाराचे आहे. प्रत्येक तलावाच्या पाळीवर एक फलक लावा, त्यावर नेत्याचे छायाचित्र नको. दर महिन्याचे चार आकडे हवेत: सूर्योदयापूर्वीचा प्राणवायू, पाण्याची पारदर्शकता, एकूण फॉस्फरस, मैल्याचे जिवाणू. खाली नमुन्याची तारीख आणि वेळ. पारदर्शकता मोजायला एक तबकडी आणि दोरी लागते. 1865 मध्ये इटलीत सेक्की यांनी ती पहिल्यांदा पाण्यात सोडली, आणि आजही कुठल्याही महाविद्यालयात ती शंभर-दोनशे रुपयांत बनते. होळकर सायन्स कॉलेज 1891 पासून या शहरात आहे. विद्यार्थ्यांना पहाटे पाठवा, मानधन द्या, आकडे त्यांच्या सहीने लागू द्या. अधिकाऱ्याची बढती या आकड्यांशी जोडा. शुद्ध केलेले पाणी तलावात सोडणे बंद करा. महसुली नकाशातले सगळे चॅनल वॉर्डनिहाय प्रसिद्ध करा, आणि त्यांवर कुणी बांधले त्यांची नावेही. उथळ काठावर पोकलेन चढवण्याआधी जीवशास्त्रज्ञाची लेखी परवानगी सक्तीची करा. यातल्या कशालाही जागतिक बँकेचे कर्ज लागत नाही.

अमेरिकेत सिएटल शहराजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये 1955 मध्ये वाईट शेवाळ दिसू लागले. डब्ल्यू. टी. एडमंडसन या सरोवरवैज्ञानिकाने शहराला स्वच्छ शब्दांत सांगितले की मैलापाणी थांबवले नाही तर तलाव जाईल, आणि थांबवले तर तो परत येईल. 1958 मध्ये तिथल्या मतदारांनी त्यासाठी मतदान करून नवी यंत्रणा उभारली आणि तिचा खर्च स्वतःवर घेतला. 1968 पर्यंत सांडपाणी पूर्ण वळवले गेले आणि काही वर्षांत तळे नितळ झाले. तिथे वैज्ञानिकाने मोजले, नागरिकांनी ऐकले आणि मतपेटीतून काम करून घेतले.

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातल्या मराठी वाचकांना माझे सांगणे आहे. होळकरांचा वारसा आपला म्हणून आपण छाती फुगवतो. त्या वारशात सिरपूर आहे, बिलावली आहे, यशवंत सागर आहे. 2027 मध्ये निगमाची निवडणूक अपेक्षित आहे. पार्षदपदाचे उमेदवार हात जोडून दारात येतील तेव्हा त्यांना रस्त्याबद्दल आणि दिव्यांबद्दल विचारू नका, ते काम होईलच. त्यांना विचारा की तुमच्या वॉर्डातले पाणी कुठल्या तलावात जाते आणि त्या तलावात काल पहाटे प्राणवायू किती होता. उत्तर आले नाही तर त्यांना मत देऊ नका, पक्ष कुठलाही असो. 'पाणथळ शहर' हा दर्जा सहा वर्षांसाठी असतो. त्यानंतर पुन्हा तपासणी होते.